सासूबाईंचा नेम

सासूबाईंनी आयुष्यातली पहिली गोळी झाडली ती आईच्या नुकत्याच धुतलेल्या चादरीवर. चादर दोरीवर वाळत होती, वाऱ्याची झुळूक आली, चादर हलली, आणि सासूबाईंनी मान वळवून तिच्या बरोबर मधोमध नारिंगी रंग फोडला. आई रिकामी बादली घेऊन दारातच उभी होती. तिने आधी चादरीकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे, मग माझ्याकडे.

"ही आता तू धुणार," एवढंच म्हणून ती आत गेली.

मी धुतली. डाग चादरीवरून निघाला, आईच्या मनातून निघाला नाही.

सासूबाई हे आमच्या यंत्राचं नाव. खाली जुन्या शिलाई मशीनचे लोखंडी पाय, त्यावर गोल फिरणारी चकती, चकतीवर पेंटबॉलची बंदूक आणि बंदुकीच्या डोक्यावर कॅमेरा. समोर काहीही हललं की कॅमेऱ्याला ते दिसतं, मोटर बंदूक तिकडे वळवते आणि रंगाची गोळी सुटते. माणूस असो, मांजर असो की चादर. जो हलला त्याच्यावर नजर आणि लगेच शेरा. म्हणून मी हे नाव ठेवलं. मी लग्न केलं नाही, त्यामुळे खरी सासू नशिबी आली नाही. ती हौस अशी भागली.

माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघी, आणि त्यामागे उंच भिंतींचं फरशीचं आवार. आम्ही तिघी म्हणजे आई, मी आणि माझी धाकटी बहीण. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायला लागले, ते आजतागायत. दुकानांत, गोदामांत कॅमेरे बसवणं हा तिचा धंदा. असाच एक कॅमेरा बसवताना ती शिडीवरून पडली. कंबरेचं हाड मोडलं, ते सांधलं, पण डावा पाय आखूड राहिला. डॉक्टर म्हणाले, चाला, पळा, काही बिघडत नाही. बिघडत नव्हतं हे खरंच. फक्त ती लंगडत होती.

हा शब्द आमच्या घरात चालत नसे. आईने तो कधी बंद केला हे मला सांगता येणार नाही. तिने तसं कधी बोलूनही दाखवलं नाही. एकदा शेजारीण दारात उभी राहून सहज म्हणाली, "अजून लंगडतेच का हो?" त्यावर आईने अर्धा भरलेला चहाचा कप तिच्या हातातून काढून घेतला. तेवढं पुरलं. तेव्हापासून आम्ही "आज पाय कसा आहे" असं विचारायचो आणि ती "मस्त" म्हणायची. चालताना मी तिच्याबरोबर पाऊल आखडतं घ्यायला शिकले, इतकं की मला ते कळेनासं झालं.

गावाबाहेर सिमेंटच्या पाइपांचा बंद पडलेला कारखाना आहे. त्याच्या आवारात पेंटबॉलचं मैदान आहे. ते चालवतात त्यांना सगळे सर म्हणतात, कारण ते पूर्वी शाळेत कवायत शिकवायचे; शिट्टी अजूनही गळ्यातच असते. खेळ सोपा आहे. दोन संघ, दोन टोकांना दोन झेंडे. गोळी लागली की बाहेर, समोरच्याचा झेंडा आणला की जिंकलात. पाइपांआडून पळत जाऊन झेंडा आणायचं काम भिंगरीचं असायचं. संघाचा कप्तान टायरच्या दुकानात काम करतो, आम्ही त्याला टायरवालाच म्हणतो. दंड असे की टायर एका हाताने उचलतो, स्वभाव एकदम लोण्यासारखा. तो लोण्यासारखा स्वभावच पुढे आम्हाला नडला.

पाय बरा झाल्यावर भिंगरी पहिल्यांदा खेळायला गेली, तेव्हा मी बाकावर बसले होते. ती पळाली. गोळ्या तिच्या पुढे पडल्या, मागे पडल्या, डोक्यावरून गेल्या, जणू तिला चुकवायची पैज लागली होती. समोरच्या संघातला एक जण तिच्यापासून चार हातांवर होता, तो तर बंदूक घेऊन आकाशाकडेच बघायला लागला. ती झेंडा घेऊन परत आली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तिने बूट काढून भिंतीवर फेकले.

"टाळ्या वाजवल्या, ताई. समोरच्या संघानेसुद्धा! हरल्यावर कोण टाळ्या वाजवतं?"

दुसऱ्या दिवशी टायरवाला स्वतः दुकानात आला. हात पुसत पुसत म्हणाला, यंदाच्या स्पर्धेत भिंगरीने गुण मोजायला बसावं, उन्हात पळायची दगदग कशाला. मी म्हटलं, हातातला पाना मी तुझ्या डोक्यात घालत नाही ते केवळ तुझी आई माझ्याकडे मशीन आणते म्हणून. तो बिचारा खरंच वाईट वाटून निघून गेला. असल्या चांगल्या माणसांशी भांडायची सोय नसते, हीच पंचाईत.

भिंगरी मात्र रडली नाही की कोपऱ्यात बसली नाही. स्पर्धेसाठी सरांनी यंदा नवा नियम काढला होता: पाच खेळाडू माणसं, आणि सहावा गडी माणूस किंवा स्वतः बनवलेलं यंत्र. सरांना अशी खुळं अधूनमधून सुचतात. भिंगरीने तो कागद दुकानाच्या काउंटरवर आपटला.

"यंत्र मी बनवणार. यंत्र माझं, म्हणजे सहावी मीच. बघू कोण मला गुण मोजायला बसवतंय."

मी म्हटलं, "बनवू."

टायरवाल्याला विचारलं तर तो उलट खूश झाला. म्हणाला, "आम्ही पाच जण त्याच्यासमोरून पळतो. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना रंगवलं, तर यंत्र संघात." आम्ही त्याचा अर्थ आम्हाला हवा तसा घेतला. पण ते नंतर.

काम करताना मजा आली, खोटं कशाला बोलू. मोटर मी दिली, शिवणकामाच्या कारखान्यातल्या मोठ्या मशीनची, कारण तिला झटकन सुरू होऊन झटकन थांबायची सवय असते. पट्टा, कप्प्या, स्प्रिंगा सगळं माझ्या खोक्यांतलं. कॅमेरा आणि प्रोग्राम भिंगरीचा. तोंडावर मुखवटा, अंगात जाड रेनकोट आणि हाताशी बंद करायचं लाल बटण, याशिवाय गोळी भरायची नाही हा नियम आईने केला. चादरीनंतर तिचं ऐकणं भाग होतं.

खरी डोकेदुखी नेमाची होती. गोळी सुटून पोचेपर्यंत पळणारा माणूस पुढे गेलेला असतो. म्हणून तो आहे तिथे मारून उपयोग नाही, तो जिथे असेल तिथे मारावं लागतं. किती पुढे मारायचं हे ठरवायला आम्ही एक फिरवायचं बटण ठेवलं. सासूबाईंमागे बसून मी बटण फिरवायचे आणि भिंगरी आवाराच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायची. दुसरं पळणार कोण? आईचं वय झालेलं, माझं वजन झालेलं.

एक गोळी बसायची, दुसरी पुढे जाऊन भिंतीवर फुटायची. पुन्हा एक बसायची, पुन्हा एक पुढे. मी पट्टा घट्ट केला, मोटर उघडून पुसली, तेल दिलं. शिलाई मशीन एक टाका घालून एक सोडायला लागलं की मी हेच करते. तरी फरक पडेना. शेवटी भिंगरीने युक्ती काढली. एका पावलाला लगेच गोळी सोडायची, पुढच्याला क्षणभर दम धरायचा, पुन्हा लगेच, पुन्हा दम. ते तिने प्रोग्राममध्ये घातलं, आणि सासूबाईंचा नेम असा काही बसला की विचारू नका. भिंगरी नखशिखांत नारिंगी झाली. आम्ही दोघी आवारात नाचलो. असं का जमलं, हे दोघींपैकी एकीनेही विचारलं नाही.

रविवारी मैदानावर गेलो. सासूबाईंना टेम्पोतून नेलं, अंगावर जुनी चादर पांघरून. संघातले पाचही जण मुखवटे घालून सज्ज होते. सरांनी शिट्टी वाजवली. पहिला पळाला, तो चष्मेवाला. सासूबाईंनी मान वळवली, गोळी सुटली आणि त्याच्या टाचांमागे मातीत फुटली. दुसरी गोळी त्याहून मागे. तो पाइपाला हात लावून उभा राहिला, एकदम कोरडा. दुसरा पळाला, तोही कोरडा. तिसरी एक ठेंगणी मुलगी होती, तीही कोरडी. टायरवाला तर एवढा अगडबंब. एखादी भिंत पळावी तसा तो पळाला, आणि त्यालाही गोळी लागली नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"सासूबाई दमल्या वाटतं," चष्मेवाला म्हणाला. सगळे हसले.

भिंगरी हसली नाही. ती गुडघ्यांवर बसून मातीतले रंगाचे डाग बघत होती. सगळे माणसांच्या मागे होते, एकही पुढे नाही. सर जवळ आले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी संघ नक्की करायचे आहेत. तोपर्यंत वेळ आहे तुम्हाला." टायरवाला त्याच्या मऊ आवाजात म्हणाला, "नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस हां. गुण मोजायची जागा ठेवलीच आहे मी." मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःहून टेम्पोची मागची झडप लावायला गेला.

पुढचे दोन दिवस भिंगरी यंत्राला चिकटून होती. प्रोग्राम पहिल्यापासून वाचून काढला, कॅमेरा बदलला, मोटर बदलली. आवारात पळून बघितलं तर सासूबाईंनी तिला पुन्हा नारिंगी केली. म्हणजे यंत्र ठीक. मैदानावर नेलं की बिघडतं. असं यंत्र मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात एक मशीन उघडून बसले होते. मागचं दार सताड उघडं होतं. आवारात सासूबाई चालू होत्या, पण गोळ्या काढून ठेवलेल्या. भिंगरी कपडे वाळत घालत इकडून तिकडे जात होती आणि सासूबाई तिच्याबरोबर मान फिरवत होत्या. फिरवली, थांबली. फिरवली, थांबली. एवढ्यात आई बादली न्यायला बाहेर आली आणि सरळ चालत दोरीपर्यंत गेली. सासूबाईंची मान तिच्याबरोबरही तशीच: फिरवली, थांबली, फिरवली, थांबली. आई मात्र कुठे थांबत नव्हती.

माझ्या हातातला स्क्रू खाली पडला. मशीनच्या पोटात गेला असणार, कारण तो मला अजून सापडलेला नाही.

मी उठून आवारात गेले. आई समोर होती, भिंगरी समोर होती, आणि तो शब्द तोंडातून काढणं आलं. माझा स्वभाव तापट आहे असं सगळे म्हणतात, पण तापट माणसालाही काही गोष्टी बोलायला छाती लागते.

"भिंगरे," मी म्हटलं, "यंत्रात काही दोष नाही. आपण ते तुझ्यावर शिकवलंय. तू एक पाऊल झटकन टाकतेस आणि दुसरं टाकताना अडतेस. म्हणून त्याला दर दुसऱ्या पावलाला दम धरायला लावलं आपण. ते लोक अडत नाहीत, म्हणून गोळी त्यांच्या मागे पडते. तू लंगडतेस, गं. यंत्राला वाटतं सगळेच लंगडतात."

आई बादली घेऊन तशीच उभी राहिली. भिंगरीच्या हातात ओला टॉवेल होता, त्यातून पाणी ठिबकत होतं.

"काय म्हणालीस?"

"लंगडतेस म्हणाले."

"पुन्हा म्हण."

"तू लंगडतेस," मी तिसऱ्यांदा म्हटलं. "लांबूनही दिसेल अशी लंगडतेस. आम्ही दोघी आंधळ्यांचं सोंग घेऊन बसलो होतो."

ती खाली फरशीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता टॉवेलमध्ये तोंड खुपसलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला वाटायला लागलं होतं की तुम्हाला खरंच दिसत नाही. मी एकटीच वेडी आहे."

आईने बादली खाली ठेवली. मग ती आत गेली, माझा जुना रेनकोट घेऊन आली आणि माझ्या अंगावर टाकला.

"आता तू पळ," ती म्हणाली. "तू सरळ चालतेस ना? मग पळ."

मी शेवटची पळाले ती शाळेत असताना, तीसुद्धा बस चुकत होती म्हणून. त्या आठवड्यात मात्र मी रोज पळाले. भिंगरीने दर दुसऱ्या पावलाचा दम काढून टाकला आणि बटणापाशी ती स्वतः बसली. लाल बटणावर आई. सासूबाईंनी सुरुवातीला मला फार पुढे मारलं, माझी चाल म्हणजे फारशी चाल नव्हेच ना. मग जमलं. मांड्यांवर, दंडांवर, पाठीवर गोल गोल काळेनिळे वळ उठले. गिऱ्हाइकं विचारायची, ताई, पडलात का? मी म्हणायचे, सासूचा जाच, दुसरं काय.

पुन्हा रविवार आला. या वेळी आईही टेम्पोत बसली. तिने चांगली साडी नेसली होती आणि पायात भिंगरीचे जुने बूट घातले होते, मैदानात चिखल असतो म्हणून.

सरांनी शिट्टी वाजवली. चष्मेवाला पळाला आणि तिसऱ्याच पावलाला त्याच्या छातीवर नारिंगी ठिपका उमटला. ठेंगणी मुलगी वाकून पळाली, तिच्या पाठीवर. तिसरा लोळून गेला, तो तेवढा वाचला. चौथ्याच्या कमरेत बसली. टायरवाल्याला तर सासूबाईंनी एवढं रंगवलं की लाल बटण दाब म्हणून सरांना भिंगरीवर ओरडावं लागलं. माझा जीव भांड्यात पडला. आईने माझा हात एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली.

टायरवाला मुखवटा वर सारून हसत आला. खरंखुरं, मनापासून हसत होता. "मानलं बुवा! सर, लिहा. आमचा सहावा गडी, हे यंत्र."

"आणि मी?" भिंगरीने विचारलं.

"तू म्हणजे काय... तू बनवलंस की. सगळ्यांना सांगू आम्ही."

"खेळताना मी कुठे असणार?"

टायरवाल्याने सरांकडे पाहिलं. सर घसा खाकरत म्हणाले, "नियम असा आहे की सहावा गडी माणूस किंवा यंत्र. दोन्ही नाही. चालू करून देणारा माणूस जाळीमागे जातो."

"चालू तर कोणीही करेल," टायरवाला घाईघाईने म्हणाला. "तुला उन्हात यायची गरजच नाही. तू सावलीत बस, मस्त."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभर राबून, अंगावर वळ घेऊन आम्ही काय केलं होतं? स्वतःच्या हाताने बनवलेलं यंत्र तिच्या जागेवर आणून बसवलं होतं. मी तोंड उघडलंच होतं, पण भिंगरीने मला हाताने थांबवलं. ती रागावलेली दिसत नव्हती. घरी एखादा कॅमेरा सुरू होत नसला की ती असा चेहरा करते. मग तो सुरू झाल्याशिवाय जेवायला उठत नाही.

"हे यंत्र तुम्हाला हवं आहे, कारण ते चुकत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग जो त्याला चकवेल तो यंत्रापेक्षा बरा. तसं असेल तर सहावा गडी तो."

टायरवाला म्हणाला, "अगं, पण..."

"मी पळते. झेंडा तिकडच्या टोकाला लावा."

तिने मुखवटा चढवला, ओळीपाशी गेली. शिट्टी झाली. सासूबाईंनी मान वळवली. पहिली गोळी तिच्या पुढे हातभर अंतरावर पाइपावर फुटली. दुसरीही पुढेच. मला क्षणात कळलं, आता सासूबाई सरळ चालणाऱ्यांचा हिशेब करत होत्या, आणि ही मध्येच अडत होती. गोळी जिथे पोचायची तिथे ती अजून पोचलेलीच नसायची. ती अर्ध्यावर गेली. बाकावर संघ बसला होता, त्याच्यासमोरून ती जायला लागली, आणि तिथे तिने कंबर ताठ केली. ओठ आवळले असणार, मला मुखवट्यातूनही दिसलं. लोकांसमोर ती नेहमी तशी चालते. आखूड पायावर जास्त भार टाकते, दोन्ही पावलं सारखी पडतील असं बघते. पावलं सारखी पडली आणि गोळी तिच्या छातीवर फुटली.

"अरेरे," बाकावरचं कोणीतरी म्हणालं.

मला सहन होईना. मी जाळीपाशी गेले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए भिंगरे! कोणाला दाखवतेस सरळ चालून? घरच्या आवारात पळतेस तशी पळ ना!"

तिने माझ्याकडे पाहिलं, छातीवरचा रंग हाताने पुसला. मग रंगलेला हात वर करून सरांना म्हणाली, "पुन्हा."

सर म्हणाले, "नियमात बसत नाही तसं."

"नियमात नव्हतंच काही, सर. पुन्हा."

सरांनी शिट्टी वाजवली.

ती पळाली, आणि ते काही सुंदर वगैरे नव्हतं. डावा खांदा खाली, उजवी कंबर बाहेर, एक पाऊल लांब, एक आखूड, हात कसेही. शिडीवरून पडल्यापासून ती उघड्यावर, लोकांदेखत, अशी एकदाही पळाली नव्हती. बाकासमोरून गेली तेव्हाही तशीच गेली. गोळ्या तिच्या पुढे फुटत होत्या, पुढच्याही पुढे फुटत होत्या. सासूबाई मान फिरवून फिरवून दमल्या. तिने झेंडा उपटला आणि वळून परत तशीच आली, अंगावर नवा एकही ठिपका न घेता.

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मला त्याची लाज वाटली नाही.

टायरवाला उठून उभा राहिला होता. "सर," तो म्हणाला, "सहावी हीच. यंत्र राहू दे." त्याचा आवाज पुन्हा तसाच मऊ झाला होता. चष्मेवाल्याने टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"टाळ्या बंद!" भिंगरी ओरडली. धापा टाकत होती, शब्द तुटत होते. "टाळ्यांवर घेतलेली जागा मला नको. यंत्राला मी चकवलं. आता तुम्ही बंदुका घ्या, पाचही जण. मी पुन्हा पळते. आणि मुद्दाम चुकवलंत, तर मी समोरच्या संघात जाईन, मग बघा."

पाच जण एकमेकांकडे बघत राहिले. मग टायरवाल्याने बंदूक उचलली.

ती ओळीपाशी गेली. शिट्टी झाली. पहिल्या काही गोळ्या तिच्या पुढे गेल्या. पण या वेळी कोणी आकाशाकडे बघत नव्हतं. ठेंगणी मुलगी गुडघ्यावर बसून नेम धरत होती, चष्मेवाला कोणाला तरी शिव्या देत होता, बहुतेक स्वतःलाच. टायरवाल्याने मुखवटा खाली ओढला, एक पाय पुढे टाकला. तिच्या पावलांकडे तो टक लावून बघत होता. एक लांब, एक आखूड. एक लांब, एक आखूड. झेंडा हातभरावर असताना त्याची गोळी तिच्या खांद्यावर फुटली. आवाज जाळीपर्यंत आला. आई बाकावरून ताडकन उठली.

"लागली!" भिंगरी ओरडली, हात वर केला आणि नियमाप्रमाणे मैदानाबाहेर आली. मुखवटा काढला तेव्हा तोंडभर हसत होती. खांदा चोळत टायरवाल्यासमोर उभी राहिली.

"फार उशिरा मारलीस," ती म्हणाली.

टायरवाला अजून तिच्या पायांकडेच बघत होता.

"मंगळवारी सरावाला ये," तो म्हणाला. "तेव्हा नाही उशीर करणार."